तळ्याकाठचा चौथा दगड

तळ्याचे नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या एका बाईंना तसा शब्द दिला आहे. बाकी सगळे सांगतो, कारण परत आल्यापासून कारखान्यातले निम्मे लोक विचारत आहेत, "आम्हीही जाऊ का?" जावे. जागा शोधली तर सापडते. पण आधी हे वाचावे.

मी कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर आहे. तेवीस वर्षे झाली. भरलेली गाडी किती आणि रिकामी किती, हे दोन आकडे बरोबर आले की माझा दिवस बरोबर गेला. घरातही तीच सवय. आमच्या सौभाग्यवती सुनंदा म्हणतात, "हे देवळात गेले तरी पायऱ्या मोजतात, देव बघायचा राहतो." गळीत सुरू झाले की सहा महिने सुटी मिळत नाही, म्हणून दसरा झाल्यावर आणि दिवाळीच्या आत तीन दिवस काढले. आम्ही दोघे आणि सुनंदाचा धाकटा भाऊ विलास, ज्याला गळाने मासे धरण्याचा नाद आहे. एकूण तिघे.

शुक्रवार

घाट उतरताना आधी कानाला दडे बसतात आणि ते सुटेपर्यंत भाषा बदललेली असते. वैभववाडीच्या बाजारात चहा घेतला. तिथून माझ्या गाडीच्या आकड्यावर एकोणीस किलोमीटर, त्यातले शेवटचे चार कच्चे. एका वळणावर विलासच्या पायाशी ठेवलेली गोड्या तेलाची बाटली फुटली आणि पुढचे तीन दिवस त्याच्या बुटांना फोडणीचा वास येत राहिला.

तीन बाजूंना सह्याद्रीचे डोंगर आणि चौथ्या बाजूला मातीचा बांध. बांध दोनशे बारा पावलांचा. शेतीच्या पाण्यासाठी पूर्वी बांधलेले हे तळे गावाने आता पाहुण्यांसाठी नीट केले आहे. पाच तंबू, पत्र्याची एक शेड, तिच्यात स्वयंपाकघर, भिंतीला टांगलेले गळ, दोन संडास. संडास स्वच्छ होते, मी पाहून घेतले. पाटीवर नियम: जाळे टाकू नये, पोहू नये, वीतभरापेक्षा लहान मासा परत सोडावा. पाण्यात उतरणाऱ्या तेवीस पायऱ्या आहेत असे कळले. आम्ही गेलो तेव्हा अकरा कोरड्या होत्या.

आमच्याखेरीज एकही पाहुणा नव्हता. त्याचे काही नाही. पण एवढे पाणी असून काठावर एक बगळा दिसला नाही, ते मला खटकले. संध्याकाळ होत आली तशी सातवीण दरवळू लागली. हे झाड या दिवसांत फुलते. वास गोड असतो, पण थोड्या वेळाने डोके जड होते.

तळ्याची राखण करतो तो न्हानू. पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, खांद्यावर पंचा. त्याने आमच्या बॅगा उतरवून घेतल्या आणि म्हणाला, "इलात? बरा झाला. उजेड आसा तवसर गाऱ्हाणा घालून घेवया."

आमच्याकडे देवापुढे नारळ फोडतात, हात जोडतात आणि निघतात. कोकणात देवाशी बोलतात. कोण आले, कुठून आले, कशाला आले, सगळे मोठ्याने सांगतात आणि भोवतालचे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. मला ही रीत आवडते. नाक्यावर मालाची नोंद द्यावी तसे वाटते.

सातविणीखाली चौथऱ्यावर छातीएवढा काळा दगड आहे. तो या तळ्याचा राखणदार. न्हानूने खालून लिंबाएवढे दगड उचलले आणि चौथऱ्याच्या कडेला ओळीने मांडले. माणसामागे एक दगड. परत जाताना ज्याने त्याने आपापला दगड उचलायचा आणि तळ्याचे जास्तीचे पाणी वाहून जाते त्या सांडव्यापलीकडे टाकायचा, म्हणजे राखणदाराच्या हवाली केलेला माणूस मोजून परत मिळाला असे होते. रीत चोख आहे. पण न्हानूने चार दगड मांडले.

"तीन," मी म्हणालो. "आम्ही तिघंच आहोत."

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "रे म्हाराजा! घाटावरची माणसा तुझ्या काठार वस्तीक इल्यात. चार जीव तुझ्या पदरात घालतंय. खंय पाय चुकलो, तोंड चुकला, तर लेकरा म्हणान सांभाळून घी. आणि मोजून दिलेले मोजून माघारी दी रे म्हाराजा."

"होय महाराजा," सुनंदा आणि विलास म्हणाले. मीही म्हणालो. तोंडातून निघून गेले. चुकीच्या आकड्यावर मी आजवर सही केलेली नाही. ही पहिली.

नंतर मी त्याला बाजूला घेतले. "न्हानूभाऊ, मोजणीत चूक झाली."

"चुकाक नाय दादानू. एक जास्त मोजलंय. जास्त मोजल्यान कोणाचा वायट होयत नाय."

"आमच्या काट्यावर होतं."

"हंय काटो नाय," तो हसून म्हणाला. "हंय देव आसा. तेचा वजन वेगळा."

जेवण न्हानूच्या वहिनी करतात. त्यांचे नाव शेवंती. वय पंचेचाळीसच्या आसपास, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. तांदळाची भाकरी, माशाचे तिखले, सोलकढी. आमच्या तांबड्या रश्शाइतके तिखट नाही, पण जिभेवर जास्त वेळ राहते. त्यांनी तीन ताटे मांडली. न्हानूने चौथे आणून ठेवले. त्यांनी ते उचलले.

"भावजी, पाव्हणे तीन आसत."

"वाढ गो वयनी."

त्यांनी वाढले. न्हानूने ते ताट नेऊन सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवले. मग बांधाच्या मध्यावर उभा राहून तळ्याकडे तोंड करून त्याने एक हाक घातली: "कूऽऽ." समोरच्या डोंगराने ती परत दिली, मग थोड्या वेळाने डावीकडच्या डोंगराने. न्हानू आणखी बराच वेळ उभा राहिला आणि मग परत आला.

विलासला गंमत वाटली. त्यानेही हाक घातली. परत दोन. "दोन डोंगर, दोन उत्तरं," तो म्हणाला.

"आता पुरे," न्हानू म्हणाला. "आणि आयका. तळ्यावरसून एकच हाक इली तर ओ देव नको. माणूस दोनदा हाक मारता."

"आणि एकदाच मारतो तो?" विलासने विचारले.

न्हानू पंचाने हात पुसत राहिला. "तो दमलेलो असता," म्हणाला.

शनिवार

सकाळी धुके इतके होते की अकरा पायऱ्यांपैकी सहाच दिसत होत्या. शेवंतीबाईंनी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ दिली. आमच्या घरी सकाळी पोहे, फार तर उप्पीट. सुनंदाने घावण्याची कृती विचारून घेतली आणि मला म्हणाली, "मला एवढं पातळ जमणार नाही, आतापासून सांगून ठेवते."

न्हानूने गळ लावून दिले. तीन आमच्यासाठी, बांधाच्या उजव्या टोकाला. चौथा त्याने पलीकडे चाळीसेक पावलांवर, सातविणीच्या मुळांजवळ लावला. त्याच्यापाशी कोणी बसले नाही. गावाकडे कुणी तंबाखूची चंची विसरून गेला तर तो येईपर्यंत ती तशीच ठेवतात, तसा तो गळ दिसत होता.

दहापर्यंत विलासने दोन कटले काढले. सुनंदाला एक मरळ मिळाली, न्हानूच्या ताणकाट्यावर सव्वा किलो. माझ्या मते सव्वाला थोडी कमी. मला काही मिळाले नाही, म्हणून मी पाय मोकळे करायला चौथऱ्याच्या मागे गेलो. तिथे दगडांचा एक ढीग होता. सगळे लिंबाएवढे. खालचे शेवाळलेले, वरचे स्वच्छ. मला राहवले नाही. बाजूला काढत मोजले आणि परत रचून ठेवले. एकशे चौसष्ट.

हे सगळे कुणीतरी इथे येऊन न उचललेले दगड होते. मोजून दिलेले आणि परत न मिळालेले. मी बांधावर परत गेलो आणि आपली माणसे मोजली. सुनंदा, विलास, मी.

बाराच्या सुमारास चौथ्या गळाची काठी वाकली. न्हानू शेडकडे गेला होता. विलास उठून धावला. मी म्हणत होतो, जपून, तिथे शेवाळ आहे, तोवर त्याचा पाय गेला आणि तो छातीपर्यंत पाण्यात उतरला. तिथे काठ एकदम खोल आहे. मी पळालो. पोचेपर्यंत तो वर येऊन गुडघ्यांवर बसला होता.

"हात वेळेवर दिलात, दाजी," तो म्हणाला. "नाहीतर गेलो होतो."

मी तेव्हा वीस पावले लांब होतो. सुनंदा माझ्या मागे होती. मी त्याला तसे सांगितले. तो माझ्या कोरड्या बाह्यांकडे बघत राहिला. त्याच्या उजव्या मनगटावर लाल वळ होते, चार. तिथे सातविणीची मुळे पाण्यात उतरली आहेत, त्यांत हात अडकला तरी तसे वळ उठू शकतात. हे मी त्यालाही सांगितले. गळ ओढून पाहिला तर त्यावर काही नव्हते, आमिषसुद्धा जसेच्या तसे.

आवाज ऐकून न्हानू आला. त्याने विलासचे मनगट हातात धरले आणि बराच वेळ पाहिले. त्याचे डोळे भरून आले होते.

"भिको माझो थोरलो भाव," तो म्हणाला. "सात वर्सा झाली. ह्याच दिसांत. पाव्हण्यांचो गळ मुळांत अडाकलो, तो सोडवूक हंयच उतरलो आणि वर येवक नाय. होडी इली, पाणबुडे इले, तीन दिस शोधल्यानी. कायच गावाक नाय. टोपी पण नाय."

सुनंदाने विलासच्या अंगावर टॉवेल टाकला. न्हानू बोलत राहिला.

"त्या दिवशीचा गाऱ्हाणा मीच घातलेलंय. सगळे पाव्हणे मोजलंय. भावाक मोजूक इसारलंय. तो सकाळीच वस्तीक इल्लो, तेचो दगड मांडूक होयो होतो. मोजून दिलेला देव मोजून दिता. न मोजलेलो तो कसो दितलो? म्हणान आता दर खेपेक मोजतंय." त्याने विलासचे मनगट सोडले. "तो आसा. बघितलात मा? हात दिता तो."

एकशे चौसष्ट दगड कशाचे ते मला कळले. प्रत्येक मुक्कामामागे एक.

दुपारी सुनंदाने मला स्वयंपाकघरात बोलावले. त्या दोघी नारळ खवत बसल्या होत्या. शेवंतीबाईंनी मान वर न करता बोलायला सुरुवात केली.

"दादानू, ताई म्हणतत तुमी आकड्याचो माणूस. सात वर्सा भरली. वकिलान कागद करून ठेवल्यान. घर, जमीन, सगळा तेच्यावर अडाकला. कागदार भावजीची सय होयी. भावजी म्हणतत, सांजेक जेका जित्यांत मोजतंय, तो मेलो म्हणान सकाळी सय कशी करू? माझा चेडू कुडाळाक आसा. आये, ये म्हणता. पण मी गेलंय तर हे ताट कोण वाढतला?"

"मी काय करू शकतो?"

"गाऱ्हाणा ज्याच्यासाठी घातला, तेनीच आकडो दुरुस्त करूचो असता. गावच्याक ता जमना नाय, भावजींका पण जमना नाय. आजपावत कोणी करूक नाय. सगळे होय म्हाराजा म्हणतत, चार चांगले मासे खातत आणि जातत."

मी विलासच्या मनगटाचे सांगितले. खोटे का बोलू, माझा धीर सुटला होता. तिथे खरेच कोणी असेल तर आकडा चारच होता आणि मी बरोबर असलेली नोंद खोडणार होतो.

त्यांनी खवणी थांबवली. "हात दिल्यान तर बरा केल्यान. पाव्हण्याक हात देवक येता, तर माझ्या दारात येवक तेका काय झाला? पायरेपासून दारापावत चाळीस पावला आसत."

"मोजली आहेत?"

"मोजल्यात."

बाहेर आल्यावर सुनंदा म्हणाली, "मघाशी मीच म्हणणार होते की दुसऱ्याच्या दुःखात आकडे काढू नका. आता म्हणत नाही. पण विलासला काही व्हायला नको." तेच माझ्याही मनात होते. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा न्हानूने बांधावरून हाक घातली. एक, दोन. त्याला तिसरी हवी होती हे आता मला ठाऊक होते. मी श्वास धरून उभा होतो, तिसरी येऊ नये म्हणून.

रविवार

रात्री झोप कमी झाली. सकाळी धुके आदल्या दिवसाहून दाट. पायऱ्या चारच दिसत होत्या आणि पाणी अजिबात दिसत नव्हते. बॅगा गाडीत टाकून आम्ही चौथऱ्यापाशी गेलो. चार दगड ओळीत तसेच होते. शेवंतीबाई शेडच्या खांबाला टेकून उभ्या होत्या.

"म्हाराजा," न्हानूने सुरुवात केली, "तुझ्या पदरात घातलेले चार—"

"न्हानूभाऊ, एक मिनिट," मी म्हणालो आणि पुढे झालो. देवाशी मोठ्याने बोलायची मला सवय नाही. काट्यावर साहेबांशी बोलतो तसा बोललो. "महाराजा, शुक्रवारी मी होय म्हटलं, ते चुकून म्हटलं. आम्ही तिघं आलो होतो. तिघं परत जातोय. चौथा आमच्यात नव्हता. सात वर्षांपूर्वी एक माणूस मोजायचा राहिला, त्यात मोजणाऱ्याची लबाडी नव्हती. माणसाकडून राहतं. कुणी त्याला हात दिला असेल तर माझ्या मेहुण्याच्या वतीने मी उपकार मानतो. पण आकडा तीन आहे. तेवढी दुरुस्ती करून घ्या."

होकार कोणी भरेना. गाऱ्हाण्यात होकार आला नाही तर ते पोचत नाही म्हणतात. न्हानू दगडाकडे बघत उभा होता.

"होय म्हाराजा," खांबापासून आवाज आला. शेवंतीबाई. मग सुनंदा म्हणाली, आणि विलास, मनगट धरून. न्हानू म्हणाला नाही. तो चौथऱ्यावर बसला.

मी चारही दगड उचलले. सांडव्यात घोटाभर पाणी होते. पलीकडे जाऊन एकेक टाकला. तीन आमचे, आणि चौथा चुकीचा. परत आलो तर शेवंतीबाई मासे ठेवायची टोपली घेऊन चौथऱ्यामागे बसल्या होत्या आणि ढिगातले दगड टोपलीत भरत होत्या. आम्हाला बाराच्या आत घाट चढायचा होता, पण निघवेना. विलास टोपली वाहू लागला. सुनंदा सांडव्यापाशी उभी राहून रिकामी करू लागली. मी भरत होतो आणि मोजत होतो. न्हानू आमच्याकडे पाठ करून बसला होता.

सत्तावन्नाव्या दगडावर हाक आली.

"कूऽ."

धुक्यातून, तळ्याच्या मध्याच्या बाजूने. मी ताबडतोब सगळ्यांकडे पाहिले. विलास टोपली घेऊन वाटेवर थबकला होता. सुनंदा सांडव्यात. शेवंतीबाई माझ्यासमोर, हातात दगड. न्हानूचे तोंड मिटलेले. आणि एक गोष्ट मला नंतर सुचली नाही, तेव्हाच जाणवली: त्या हाकेला समोरच्या डोंगराने उत्तर दिले नाही, डावीकडच्यानेही नाही.

न्हानू उभा राहिला. दोन पावले पाण्याकडे गेला. त्याने तोंड उघडले.

"भावजी," शेवंतीबाई हळू म्हणाल्या. "एकच इली."

तो तसाच थांबला. त्याही थांबल्या. मी पाहिले, त्यांचा चेहरा पाण्याकडे होता आणि मान किंचित कलती, माणूस दुसऱ्या खोलीतले ऐकतो तशी. न्हानूपेक्षा त्याच जास्त वाट पाहत होत्या. मी घड्याळ पाहिले. अकरा मिनिटे कोणी हलले नाही. धुके विरळ झाले, पाणी दिसू लागले. त्यावर काही नव्हते, साधी लाटसुद्धा नाही.

दुसरी हाक आली नाही.

न्हानू वळला, ढिगापाशी येऊन उकिडवा बसला आणि एक दगड टोपलीत टाकला. मग आणखी एक. "सय खंय करूची ता मगे दाखव," तो वहिनींना म्हणाला. त्यांनी टोपली त्याच्याकडे सरकवली.

साडेअकराला शेवंतीबाईंनी आमचे हात थांबवले. ढिगात एक दगड उरला होता. "जावा तुमी आता," त्या म्हणाल्या. "घाट चढूचो आसा. आणि ह्या लिवलात तर जागेचा नाव लिवू नकात. लोक हाक आयकूक येतीत." मी शब्द दिला. गाडी वळवताना आरशात पाहिले तर ती दोघे त्या दगडाच्या दोन बाजूंना उभी होती आणि कोणी वाकत नव्हते.

घाटात विलास म्हणाला, "कुकुडकोंबा असेल, दाजी. त्याचा आवाज तसाच असतो." असेल. मी नाही म्हटले नाही. पण त्या पक्ष्याच्या हाकेला डोंगर उत्तर देतात की नाही, ते पाहायचे राहिले.

तीन गेलो, तीन परत आलो. विलासच्या मनगटावरचे वळ पाच दिवसांनी गेले. ढिगातले एकशे त्रेसष्ट दगड सांडव्यापार गेलेले मी स्वतः मोजले आहेत. राहिलेल्या एकाचे काय झाले, ते विचारायला माझ्याकडे न्हानूचा नंबर आहे. सुनंदा म्हणते, विचारायचे नाही. मी विचारलेले नाही.